आजच्या युद्धाची बातमी कशी वाचावी: जुने आडाखे कुठे चालतात, कुठे फसतात

युद्धाची बातमी आली की आपण तीन गोष्टी शोधतो: सुरू कधी झालं, आघाडी कुठे आहे आणि कोण जिंकतंय. देश देशावर उघड चालून जायचा तेव्हा या तिन्हींना सरळ उत्तरं होती. १९७१ चं युद्ध घ्या. ३ डिसेंबरला हवाई हल्ले, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. सुरुवात, शेवट आणि निकाल, सगळं तारीखवार. आज तेच तीन प्रश्न घेऊन बसलं तर चार दिवसांत डोकं भंजाळतं. युद्ध कळेनासं झालंय असं नाही, प्रश्न जुने आहेत.

कामाला लागण्याआधी एक साधी तक्ती आखून घ्या. सहा रकाने पुरेत: तारीख, ठिकाण, काय घडलं, कोण म्हणतंय, पुरावा काय, आणि तीन दिवसांनी त्यातलं काय टिकलं. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि नेमकं तिथेच फसतात. पहिल्या चोवीस तासांतल्या दाव्यांपैकी किती गळून पडतात, हे स्वतः लिहून पाहिल्याशिवाय पटत नाही.

सुरुवात शोधताना घोषणेची वाट पाहू नका

१९०७ च्या हेग करारानुसार लढाई सुरू करण्याआधी युद्धाची घोषणा करणं किंवा निर्वाणीचा खलिता धाडणं बंधनकारक होतं. पुढे १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाचा वापरच निषिद्ध ठरवला, स्वसंरक्षणाचा आणि सुरक्षा परिषदेच्या परवानगीचा अपवाद ठेवून. तेव्हापासून ‘युद्ध’ हा शब्द कोणी तोंडातून काढेना. अमेरिकेने शेवटची औपचारिक घोषणा केली ती जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरियातली लढाई ‘पोलीस कारवाई’ ठरली, आणि २०२२ मध्ये रशियाने ‘विशेष लष्करी कारवाई’ हे नाव काढलं. नावाने कायदा मात्र बदलत नाही. १९४९ चे जिनिव्हा करार सशस्त्र संघर्षाला लागू होतात, मग एखाद्या बाजूने युद्ध चालू असल्याचं मान्य केलं नाही तरी.

म्हणून सुरुवातीची एकच तारीख लिहू नका. कोणी कोणता उंबरठा कधी ओलांडला, ते लिहा. क्रिमियात फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस गणवेशावर कसलीच खूण नसलेले सैनिक नाक्यांवर उभे राहिले. हे स्थानिक स्वसंरक्षण गट आहेत, असं रशिया सांगत राहिला. १८ मार्चला प्रदेश जोडून घेतल्याच्या करारावर सह्या झाल्या, आणि सैनिक आपलेच होते ही कबुली एप्रिलमध्ये आली. ‘युद्ध झालं का’ याच प्रश्नात अडकलेल्याला हे सगळं उरकल्यावर कळलं.

सायबर हल्ल्यांच्या नोंदीला वेगळी शिस्त लागते. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत घुसून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली गेली. पण काही तासांत ती परत आली, कारण माणसं उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी खटके हाताने वर केले. २४ फेब्रुवारी २०२२ ला चढाईच्या तासभर आधी व्हायासॅटच्या उपग्रह इंटरनेटचे मोडेम निकामी केले गेले. त्याचा फटका जर्मनीपर्यंत पोचला आणि तिथल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरचं दूरनियंत्रण तुटलं. नुसता सायबर हल्ला बहुधा थोडा वेळ टिकतो. त्याला वजन येतं ते दुसऱ्या हल्ल्याशी वेळ जुळवली की. आणि तो नेमून दिलेल्या हद्दीत राहील याची खात्री नसते: जून २०१७ च्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचा रोख युक्रेनवर होता, पण मर्स्क या जहाज कंपनीला त्यात वीस ते तीस कोटी डॉलरचा फटका बसला.

इथली नेहमीची चूक म्हणजे वीज गेली की हॅकर, आणि समुद्राखालची केबल तुटली की घातपात. जगभरात दरवर्षी समुद्री केबलींचे दीडशे-दोनशे बिघाड होतात आणि त्यातले बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी होतात. त्यामुळे ‘पुरावा’ रकाना भरेपर्यंत अशी नोंद कच्चीच ठेवा.

नकाशावर रेघ नाही, पट्टा शोधा

१ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक घायाळ, ठार वा बेपत्ता झाले, त्यांत १९,२४० मृत. तो संहार मुख्यतः दोन खंदकांमधल्या काहीशे मीटरच्या मोकळ्या जागेत झाला. तोफांचा मारा मागेही व्हायचा, पण मागच्या रस्त्याने जाणारी एकटी गाडी शत्रूच्या नजरेत सहसा नसायची. नकाशावरची रेघ त्यामुळे खरोखर रेघ होती.

आज युक्रेनमध्ये रेघेच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस किलोमीटरचा असा पट्टा आहे की त्यात उजेडी फिरणारी गाडी काही मिनिटांत दिसते आणि बऱ्याचदा त्याच तासात जळते. वर एकावर एक थर असतात. उंचावर स्थिर पंखांची टेहळणी ड्रोन, खाली चार पंख्यांची छोटी कॅमेरा ड्रोन, आणि चालकाच्या चष्म्यात थेट चित्र दाखवत लक्ष्यावर जाऊन आदळणारी एफपीव्ही ड्रोन. वरचा शोधतो, खालचा मारतो, तिसरा झालेलं नुकसान मोजतो. पूर्वी या तीन कामांसाठी तीन वेगळी खाती आणि त्यांच्यातली कागदपत्रं लागायची. आता एकाच तळघरात शेजारी बसलेली माणसं ती करतात.

परिणामी पायदळ दोघा-तिघांच्या टोळ्यांनी सरकतं. नकाशावर एखाद्या गावाचा रंग बदलला म्हणजे तिथे बटालियन बसली असं समजू नका. एका तळघरात तीन दमलेली माणसं असू शकतात. असा नकाशा वाचायचा क्रम:

१. रंग किती प्रकारचे आहेत ते आधी सूचीत पाहा. ताबा, दावा आणि वादग्रस्त करडा भाग यांत फरक असतो. युक्रेनमधला डीपस्टेट हा युद्धनकाशे बनवणारा गट आणि अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर ही संस्था, दोघांचे नकाशे शेजारी उघडा. जिथे दोघांचं जमत नाही, बहुधा तिथेच लढाई चालू असते.

२. झेंडा फडकवल्याचा व्हिडिओ आला तर एवढंच धरा की कोणीतरी तिथपर्यंत पोचलं. टिकलं का, हे कळायला दोन-तीन दिवस द्या. त्याच गावातून नंतर कोणावर मारा होतोय ते पाहा. आपल्याच माणसांवर कोणी बॉम्ब टाकत नाही.

३. किती चौरस किलोमीटर गेले हे मोजण्याआधी काय गेलं ते विचारा. टेकाड, रेल्वेचा सांधा, पूल, की नुसतं सूर्यफुलाचं शेत?

जुना आडाखा कुठे मोडतो, ते ८ जून २०२३ ला झापोरिझ्झिया प्रांतातल्या माला तोकमाच्काजवळ दिसलं. हल्ला करणाऱ्याने त्या जागी तिप्पट बळ जमवावं आणि चिलखती मुसंडी मारावी, हे शिकवणीतलं गणित. युक्रेनचा लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली या चिलखती गाड्यांचा ताफा सुरुंगपट्ट्यात शिरला. सुरुंग काढणारी गाडी पुढे जाऊन जी वाट करते, ती जेमतेम एका वाहनापुरती रुंद असते. पुढची गाडी थांबली की मागच्यांना ती ओलांडायला बाजूला सरावं लागतं, आणि बाजूला सुरुंग. मग गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि तोफखान्याला नेमकं तेच हवं असतं. पूर्वी हे निभवायला धूर, अंधार आणि शत्रूच्या तोफा दडपून टाकणारा मारा पुरायचा. वरून चोवीस तास नजर असली की जमवाजमव सुरू होतानाच दिसते आणि दडपायचे ते डोळे आकाशात असतात. त्यानंतर युक्रेनने ताफे सोडले आणि पायी, लहान तुकड्यांनी पुढे सरकायला सुरुवात केली.

आता लपवणं अशक्यच झालंय असं म्हणाल तर ६ ऑगस्ट २०२४ आठवा. त्या दिवशी युक्रेनी फौज रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसली आणि समोरचे बेसावध सापडले. सीमेवरचा तो भाग विरळ राखलेला होता. आकाशातून दिसणं आणि दिसलेल्याचा अर्थ वेळेत लावणं ही दोन वेगळी कामं आहेत.

किमतीचा हिशेब, आणि त्यातला खड्डा

पाच-सहाशे डॉलरच्या एफपीव्ही ड्रोनने लाखो डॉलरचा रणगाडा फोडला, हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. ते खोटं नाही, अपुरं आहे. एका रणगाड्यामागे किती ड्रोन वाया गेले ते व्हिडिओत दिसत नाही, कारण चुकलेल्या उड्डाणांचे व्हिडिओ कोणी टाकत नाही. रेडिओ जॅमिंगने संपर्क तुटतो, झाडाच्या फांदीत पंखा अडकतो, थंडीत बॅटरी बसते. जॅमिंगवर तोडगा म्हणून २०२४ पासून ऑप्टिकल फायबरची रीळ सोडत जाणारी ड्रोन मोठ्या संख्येने आली. त्यांना रेडिओ लागतच नाही. पण रिळीचं वजन वाहावं लागतं, म्हणून स्फोटक कमी नेता येतं, आणि धागा कुठे अडकला की उड्डाण फुकट. प्रत्येक उपायाची अशी वजाबाकी असते. ती न सांगणारी बातमी जाहिरातीसारखी वाचा.

हवाई संरक्षणाचा हिशेब तर हमखास उलटा मांडला जातो. शाहेद-१३६ जातीच्या ड्रोनची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलर धरली जाते. वेग ताशी साधारण १८० किलोमीटर, स्फोटक ४०-५० किलो. त्याला पाडायला पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेचं पॅक-३ क्षेपणास्त्र सोडलं तर सुमारे चाळीस लाख डॉलर गेले. ‘शंभरपट महाग, म्हणजे हरलेला सौदा’ असा निष्कर्ष लगेच निघतो. तो काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, वाचवलं काय? मोठा वीज ट्रान्सफॉर्मर बाजारात तयार मिळत नाही, नवा बनवून यायला वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागतं. दुसरी, खरोखर पॅट्रियटच सोडलं का? इतक्या संथ ड्रोनला पिकअप गाडीवरची मशीनगनही पाडते, आणि आता ड्रोन पाडणारी स्वस्त ड्रोनही आहेत. पॅट्रियटचं खरं दुखणं त्याच्या किमतीपेक्षा संख्येत आहे. अशी क्षेपणास्त्रं वर्षाला काहीशेच बनतात आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्र अडवायला दुसरं फारसं काही हाताशी नसतं.

‘नव्वद टक्के पाडले’ ही ओळ दिसली की कागद-पेन्सिल घ्या. समजा पाचशे आले. दहा टक्के म्हणजे पन्नास पोचले. प्रत्येकी पन्नास किलो धरले तर अडीच टन स्फोटक एका रात्रीत शहरावर पडलं. शिवाय पाडलेल्यांत स्फोटक नसलेली फसवी ड्रोनही मोजलेली असतात. ती मुद्दाम मिसळतात, रडार आणि गोळ्या दोन्ही गुंतवून ठेवायला. तेव्हा टक्केवारी बाजूला ठेवून विचारा: क्षेपणास्त्रं किती आली, किती पोचली आणि लागली कशाला?

समुद्रावरचा हिशेब थोडक्यात असा: ज्या देशाकडे नाव घेण्याजोगं आरमार उरलं नव्हतं, त्या युक्रेनने १४ एप्रिल २०२२ ला मोस्कवा ही रशियाची क्रूझर युद्धनौका बुडवली, आणि पुढे क्षेपणास्त्रं आणि पाण्यावरच्या ड्रोनच्या जोरावर रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याचा मोठा भाग सेवास्तोपोलहून नोव्होरोसिस्कला हलवायला लावला.

जे बदललं नाही ते आधी तपासा: रसद

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सगळे सांगतात. निकाल ठरत आला होता त्याआधीचे अडीच महिने, अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीकडची वाट तोडली तेव्हापासून. छावणीत दाणागोटा संपला, जनावरं मेली, आणि फौज उपाशीपोटी मैदानात उतरली. हा आडाखा आजही जसाच्या तसा चालतो; धान्याच्या जागी तोफगोळा घालायचा एवढंच.

करून पाहा. अठरा तोफा, प्रत्येकी दिवसाला १०० गोळे: एकूण १,८००. १५५ मिलिमीटरचा गोळा साधारण ४५ किलोचा. फेकदारू, फ्यूज, वेष्टन धरून ६० किलो म्हणा. झाले १०८ टन. पाच टनी ट्रकच्या २२ खेपा.

कोठार २० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर. दिवे बंद, रस्ता खड्ड्यांचा, ताशी सरासरी २० किलोमीटर: दोन तास. चढवणं-उतरवणं दोन तास. एक खेप चार तासांची, दहा तासांच्या रात्रीत दोन खेपा, म्हणजे ११ ट्रक पुरतात.

आता कोठार ८० किलोमीटर मागे न्या. प्रवास आठ तास, चढवणं-उतरवणं दोन. रात्रीत एकच खेप, २२ ट्रक. रस्त्यातले हल्ले आणि बिघाड अजून धरलेच नाहीत. डिझेल तर चौपट.

जून २०२२ मध्ये हायमार्स ही ट्रकवरून रॉकेटं डागणारी अमेरिकी यंत्रणा युक्रेनला मिळाली तेव्हा नेमकं हेच घडलं. तिच्या रॉकेटांचा पल्ला सत्तर-ऐंशी किलोमीटरचा. रेल्वेमार्गालगतची रशियन कोठारं एकामागून एक उडाली आणि उरलेली मागे सरकली. आघाडीच्या रेघेवर कित्येक दिवस त्याचा मागमूस नव्हता. तोफांचा मारा मात्र मंदावला. रेघ हलण्याच्या कितीतरी आधी कोठारांचं अंतर हलतं, म्हणून तक्तीत त्याची वेगळी नोंद ठेवा.

मागे कारखान्यातही तीच कथा. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला जेमतेम १४ हजार बनवत होती. मोठ्या युद्धात एवढे दोन-तीन दिवसांत संपतात. पैसे मंजूर झाले म्हणून लगेच जास्त गोळे येत नाहीत. पोलादी कवच घडवायचे प्रेस लागतात, फेकदारूला कापसाच्या लिंटरपासून बनणारं नायट्रोसेल्युलोज लागतं, भरायला टीएनटी लागतं, आणि अमेरिकेत टीएनटीचं उत्पादन १९८६ मध्येच थांबलेलं. ‘अमुक अब्ज डॉलरची मदत’ अशी बातमी आली की तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका: वस्तू गोदामात तयार आहे, की मागणी आत्ता नोंदवली?

अचूक शस्त्रांचंही तसंच. १९९१ च्या आखाती युद्धात टाकलेल्या बॉम्ब-क्षेपणास्त्रांपैकी दहा टक्क्यांहून कमी अचूक मार्गदर्शित होती. २००३ मध्ये इराकवर दोन तृतीयांशांहून जास्त. त्यावरून साध्या गोळ्याचे दिवस संपले असा समज झाला. पुढे जीपीएस जॅमिंगने एक्सकॅलिबरसारख्या जीपीएसवर चालणाऱ्या महागड्या गोळ्यांची अचूकता युक्रेनमध्ये पार घसरवली, आणि साधा गोळा पुन्हा भाव खाऊ लागला. त्याला जॅम करता येत नाही.

व्हिडिओ हाती आला तर

आवाज बंद करा. किंकाळ्या आणि संगीत ऐकत पाहिलं की डोळे काम करत नाहीत. मग व्हिडिओच्या तीन-चार चौकटी काढून प्रतिमा-शोधात टाका. जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरवणं हीच सर्वांत मोठी लबाडी आहे, आणि ती इथेच पकडली जाते. अर्मा ३ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून इतक्यांदा फिरली की २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीला ती ओळखायच्या खुणा जाहीर कराव्या लागल्या: हलता-अस्पष्ट कॅमेरा, रात्रीचा प्रसंग, ध्वनी नाही, माणसं क्वचितच.

त्यानंतर जागा. छपराचा आकार, पाण्याची टाकी, रस्त्याचं वळण, विजेच्या खांबांचा क्रम हे उपग्रह चित्राशी जुळवा. मग वेळ: उभ्या खांबाची सावली कोणत्या दिशेला आणि किती लांब पडली, ते सूर्याची स्थिती दाखवणाऱ्या सनकॅल्कवर त्या तारखेला पडताळा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. एक बिंदू दहा मीटरचा आणि फेरी साधारण पाच दिवसांची, त्यामुळे जळालेलं कोठार दिसतं, रणगाडा दिसत नाही. ढग असले तर काहीच दिसत नाही. आगीसाठी नासाचा फर्म्स हा उपग्रहांवरून आगी दाखवणारा नकाशा आहे. त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि तो फक्त उष्णता दाखवतो. तोफगोळ्याने पेटलं की शेतकऱ्याने धसकटं जाळली, हे त्याला कळत नाही.

नुकसानीचे आकडे दोन्ही सरकारं आपापल्या सोयीचे देतात. ओरिक्ससारख्या याद्या छायाचित्र असलेलं वाहनच मोजतात, म्हणून तो आकडा किमान समजायचा. खरा त्याहून जास्तच असणार. जिथे कॅमेरे जास्त तिथलं नुकसान जास्त दिसतं, हा दोषही त्यात आहे. दोन बाजूंचं गुणोत्तर काढताना तो विसरू नका.

शेवट कसा ओळखायचा

तहनाम्याची वाट पाहू नका. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत झालेला नाही. त्यामुळे मोठ्या घोषणांपेक्षा कंटाळवाण्या कागदांवर लक्ष ठेवा. वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत कोणतं आकाश बंद आहे आणि ते कधीपर्यंत. लंडनच्या विमा बाजारातल्या जॉइंट वॉर कमिटीच्या धोक्याच्या यादीत कोणता समुद्र आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, दहा-बारा दिवस जास्त घालवून. हल्ले थांबल्याचं कोणी जाहीर केलं म्हणून ती लगेच सुएझकडे वळत नाहीत. विम्याचा हप्ता उतरला की वळतात. तक्तीच्या शेवटच्या रकान्यात तो हप्ता लिहायची सोय करून ठेवा.